आदिम अशनींमधले कार्बनचे समस्थानिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अशनींमधल्या, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांमधल्या, कार्बनबद्दल प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. आधीच सांगतो, इथे जवळपास प्रत्येक उत्तरात "कुठला कार्बन?" असा उलटप्रश्न भेटेल. त्याला इलाज नाही, कारण या विषयातले निम्मे गोंधळ तो प्रश्न न विचारल्यानेच होतात.

"आदिम" अशनी म्हणजे सगळ्यात जुना अशनी का?

वयाने म्हणाल तर बहुतेक सगळेच अशनी म्हातारे आहेत, साडेचार अब्ज वर्षांच्या आसपासचे. लोखंडी अशनीही तितकेच जुने. "आदिम" हा शब्द वयाचा नसून कधीच न वितळण्याचा आहे. एखादा लघुग्रह आतून वितळला की लोखंड खाली बसतं, खडक वर येतो आणि मूळ मिश्रणाचा पत्ताच लागत नाही. जे खडक या भट्टीतून गेले नाहीत त्यांना कोंड्राईट म्हणतात. त्यांतले काळे, कार्बनयुक्त कोंड्राईट सगळ्यात आदिम. १८६४ साली फ्रान्समध्ये पडलेला ऑर्गेय घ्या. हायड्रोजन, हेलियमसारखे उडून जाणारे पदार्थ सोडले, तर त्यातलं मूलद्रव्यांचं प्रमाण सूर्यातल्या प्रमाणाशी जवळजवळ तंतोतंत जुळतं.

पण "आदिम" म्हणजे "जसाच्या तसा" असंही समजू नका. ऑर्गेयच्या जातीच्या अशनींमध्ये पाण्याने भरपूर उलथापालथ केलेली आहे. मूळ लघुग्रहात बर्फ होता, तो वितळला, मूळ खनिजांची चिकणमाती झाली, भेगांमध्ये चुनखडीसारखी कार्बोनेटं साचली. आदिम खरा, पण भिजलेला.

त्यांत कार्बन किती असतो?

ऑर्गेयच्या गटात वजनाच्या सुमारे ३ टक्के किंवा थोडा जास्त, १९६९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसनच्या गटात २ टक्क्यांच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या खडकांचा काळेपणा त्यातूनच आलाय.

समस्थानिक कोणते मोजतात?

कार्बन-१२ आणि कार्बन-१३, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू. दोन्ही स्थिर, फरक एका न्यूट्रॉनचा. पृथ्वीवर शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव अणू कार्बन-१२ चे आणि एक कार्बन-१३ चा. कार्बन-१४ चं काम वेगळं आहे, ते खाली येईल.

"डेल्टा कार्बन-१३ = +४०" हे वाचायचं कसं?

टक्के म्हणून वाचू नका, हे हजारात आहे. नमुन्यातलं कार्बन-१३ आणि कार्बन-१२ यांचं गुणोत्तर एका ठरलेल्या प्रमाणापेक्षा हजारामागे किती जास्त किंवा कमी, एवढंच तो आकडा सांगतो. प्रमाण म्हणून अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात पी डी नावाच्या थरात सापडलेल्या एका बेलेम्नाईटचा, म्हणजे म्हाकूळाच्या कुळातल्या एका लुप्त प्राण्याचा, चुनखडीचा अवशेष घेतला होता. गंमत म्हणजे ती मूळ पूड केव्हाच संपली. आता व्हिएन्नाच्या नावाने तीच मोजपट्टी दुसऱ्या नमुन्यांवर चालते.

अणू मोजून पाहिलं की चित्र डोळ्यांसमोर येतं. प्रमाण नमुन्यातले दहा हजार कार्बन अणू घेतले तर त्यांत कार्बन-१३ चे साधारण १११ निघतील. डेल्टा +४० असेल तर ११५. झाडाच्या पानात, डेल्टा उणे २७ च्या आसपास असताना, १०८. म्हणजे "केवढा मोठा फरक" म्हणून ज्याची चर्चा चालते तो दहा हजारांत चार-सात अणूंचा आहे. आणि तेवढा फरक यंत्रं अगदी निर्धास्तपणे मोजतात.

मग आदिम अशनीचा डेल्टा किती धरायचा?

हाच तो प्रश्न. याला एका आकड्याचं उत्तर देता येतं, पण ते देणाऱ्यावर माझा विश्वास नाही. अख्खा तुकडा जाळून सगळ्या कार्बनचा मिळून एक आकडा काढता येतो, काढलेलेही आहेत. पण अशनीत कार्बन एका जातीचा नसतो. तिथे निदान चार बिऱ्हाडं एकत्र नांदतात आणि त्यांचे जन्म वेगवेगळ्या जागी झालेले असतात.

पहिलं आणि सगळ्यात मोठं बिऱ्हाड म्हणजे कशातच न विरघळणारा काळा सेंद्रिय पदार्थ. मर्चिसनमध्ये त्याचा डेल्टा उणे पंधरा ते उणे वीसच्या घरात. दुसरं, पाण्यात किंवा सेंद्रिय द्रावकात विरघळणारे रेणू: अमिनो आम्लं, कार्बोक्झिलिक आम्लं वगैरे. यांतले बरेच +२० ते +५० दरम्यान. तिसरं म्हणजे कार्बोनेटं, साधारण +२० पासून +८० पर्यंत. चौथं बिऱ्हाड सूर्यपूर्व कणांचं, म्हणजे सूर्याच्या आधीच्या ताऱ्यांच्या धुळीचं. तिथे डेल्टाची मोजपट्टीच तोकडी पडते, म्हणून सरळ कार्बन-१२ भागिले कार्बन-१३ असं गुणोत्तर सांगतात.

सरासरीत काय काय बुडतं याचा हिशोब बघा. मर्चिसनमध्ये सिलिकॉन कार्बाईडचे सूर्यपूर्व कण दहा लाख भागांत दहा भागांच्या आसपास. त्यांच्या वजनात कार्बन तीस टक्के, म्हणजे दहा लाखांत तीन भाग. अशनीतला एकूण कार्बन दहा लाखांत वीस हजार भाग. या कणांचा एकत्रित डेल्टा +१४०० च्या आसपास, म्हणजे कार्बन-१३ नेहमीच्या दुपटीहून जास्त. एवढं असूनही अख्ख्या तुकड्याच्या आकड्यात त्यांची भर पडते ती ०.२ ची. दुसऱ्या ताऱ्यांची राख हातात असते आणि सरासरीला तिचा वासही लागत नाही.

कार्बोनेटं इतकी जड का?

"जड" म्हणजे कार्बन-१३ जास्त, हे आधी सांगून ठेवतो. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्लेटन यांनी १९६३ मध्ये ऑर्गेयच्या कार्बोनेटचा डेल्टा +६० च्या आसपास असल्याचं दाखवलं, तेव्हा लोक चक्रावले होते, कारण पृथ्वीवरच्या समुद्री चुनखडीचा आकडा शून्याच्या आजूबाजूला असतो. त्या आकड्यावरून एवढं तरी पक्कं झालं, की हा चुना अशनी जमिनीवर पडल्यावर त्यात शिरलेला नाही.

कारणाबद्दल एक पटण्याजोगं स्पष्टीकरण मिथेनचं आहे. लघुग्रहाच्या आत कोमट पाण्यात कार्बन डायऑक्साईड आणि हायड्रोजनपासून मिथेन तयार झाला, तर हलका कार्बन मिथेनमध्ये जातो. मिथेन भेगांतून निसटतो आणि मागे उरलेल्या कार्बन डायऑक्साईडमध्ये कार्बन-१३ साचत जातो. त्याचं कार्बोनेट बनलं की ते जड. मर्चिसनच्या गटातल्या कार्बोनेटांच्या २००७ मधल्या अभ्यासात ती बनतानाचं तापमान सुमारे २० ते ७१ अंश सेल्सिअस निघालं. म्हणजे ते पाणी कोमट ते चांगलं गरम, पण उकळीच्या खालचंच. दुसरी बाजू म्हणते की बाहेरून आलेल्या बर्फातला कार्बनच मुळात जड होता. माझा कल दोन्ही थोडं थोडं खरं असण्याकडे आहे. एकाच अशनीतल्या दोन कार्बोनेट कणांचे आकडे वेगळे निघतात, ते एकाच कारणाने जुळवून आणायचे तर ओढाताण करावी लागते.

अमिनो आम्लं तुमच्याआमच्या बोटांवरूनच आली नसतील कशावरून?

रास्त शंका. आपल्या बोटांच्या ठशांतही अमिनो आम्लं असतात. मर्चिसन पडला २८ सप्टेंबर १९६९ ला, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात. एकूण शंभर किलोच्या आसपास तुकडे गोळा झाले आणि उचलणाऱ्यांना स्पिरिटसारखा वास आला होता. चंद्रावरच्या मातीसाठी स्वच्छ प्रयोगशाळा नुकत्याच सज्ज झाल्या होत्या, त्यामुळे हा पाहुणा अगदी वेळेवर आला. १९७० मध्ये त्यात अमिनो आम्लं सापडल्याचं जाहीर झालं.

ती बाहेरचीच, असं म्हणायला तीन आधार आहेत. एक, त्यांतली काही, उदाहरणार्थ आयसोव्हॅलिन, सजीवांच्या प्रथिनांत नसतातच. दोन, डावी आणि उजवी रूपं, म्हणजे एकाच रेणूची आरशातल्या प्रतिमेसारखी जोडी, साधारण सारखी निघतात. काही आम्लांत डाव्या रूपाचं थोडं आधिक्य आहे आणि त्यावर स्वतंत्र वाद आहे, पण सजीवांसारखं सगळं डावंच नाही. तिसरा आधार समस्थानिकांचा. १९८७ मध्ये मर्चिसनच्या अमिनो आम्लांचा एकत्रित कार्बन डेल्टा +२३ च्या आसपास मोजला गेला. पृथ्वीवरच्या सजीवांतली अमिनो आम्लं उणे बाजूला राहतात, कारण प्रकाशसंश्लेषणातलं रुबिस्को हे विकर हलक्या कार्बनला झुकतं माप देतं आणि तोच कार्बन पुढे अन्नसाखळीभर फिरतो. पुढे एकेका रेणूचा आकडा काढता येऊ लागला. मर्चिसनमधल्या युरॅसिलचा डेल्टा +४४ च्या वर निघाला. स्टारडस्ट यानाने वाईल्ड-२ धूमकेतूवरून आणलेल्या नमुन्यातल्या ग्लायसिनचा +२९ होता. तो आकडा मिळेपर्यंत हे ग्लायसिन यानाबरोबर इथूनच गेलं होतं की काय, ही शंका मिटत नव्हती.

म्हणजे कार्बन जड तर निर्जीव आणि हलका तर सजीव, असं सूत्र धरायचं का?

नाही, आणि ही चूक फार होते. न विरघळणारा काळा पदार्थ उणे पंधरा-वीसवर आहे आणि पृथ्वीवरच्या जीवाश्म इंधनांचे आकडे तिथून फार लांब नाहीत. कुठल्याही जीवाशिवाय, नुसत्या रासायनिक क्रियेतही हलका कार्बन पुढे पळतो. त्यामुळे नुसत्या कार्बनवर निकाल देऊ नये. हायड्रोजन आणि नायट्रोजनही बघावेत. त्या काळ्या पदार्थात ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, इतकं जास्त असतं की तो कोळशाचा भाऊ नाही हे तिथे कळतं.

ऑर्गेयची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९६० च्या दशकात त्यात सूक्ष्मजीवांसारखे आकार दिसल्याचा दावा झाला आणि मोठं रण माजलं. त्या गदारोळात १८६४ पासून काचेच्या बरणीत बंद असलेला एक तुकडा तपासला गेला. त्यात चक्क वनस्पतीच्या बिया आणि कोळशाचे कण निघाले! कोणीतरी अशनीचा तुकडा ओला करून, त्यात हे सगळं खुपसून, डिंकासारख्या पदार्थाने वरचा पापुद्रा पुन्हा बेमालूम तयार केला होता. तो अशनी पडायच्या पाचच आठवडे आधी पाश्चर यांनी सजीव आपोआप निर्माण होत नाहीत यावर पॅरिसमध्ये गाजलेलं व्याख्यान दिलं होतं, तेव्हा थट्टेचा रोख कुणीकडे असावा याचा अंदाज बांधता येतो. त्या बिचाऱ्या थट्टेखोराची थट्टा शंभर वर्षं कोणाच्या लक्षातच आली नाही.

रेणू मोठा होत जातो तसा डेल्टा का बदलतो?

मर्चिसनमधल्या लहान हायड्रोकार्बनांत आणि कार्बोक्झिलिक आम्लांत कार्बनची साखळी जसजशी लांबते तसतसा कार्बन-१३ कमी होतो, हे १९८४ मध्ये दिसलं. याचा अर्थ असा, की रेणू लहानाचे मोठे झाले. एकेक कार्बन जोडताना हलका अणू आधी नंबर लावतो, म्हणून प्रत्येक पायरीला साखळी थोडी हलकी होते. मोठे रेणू तुटून लहान झाले असते तर क्रम वेगळा दिसला असता. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत देखणा आलेख वाटतो: काही ठिपके आणि त्यांत संश्लेषणाची दिशा.

सुरुवातीचा जड कार्बन आला कुठून?

एक उमेदवार आहे अतिथंड आंतरतारकीय ढग. तिथे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर दहाच अंश. एवढ्या थंडीत कार्बन-१३ चा आयन आणि कार्बन मोनॉक्साईड यांची अदलाबदल झाली की कार्बन-१३ मोनॉक्साईडमध्येच अडकून बसतो, कारण तो बंध किंचित कमी ऊर्जेचा असतो. खोलीच्या तापमानाला ही किंचित बचत कोणी विचारात घेत नाही, पण दहा अंशांवर तीच ठरवते कोण कुठे राहणार.

सूर्यपूर्व कण म्हणजे काय, आणि ते सापडले कसे?

सूर्य जन्मायच्या आधी दुसऱ्या ताऱ्यांच्या वाऱ्यात किंवा स्फोटात घट्ट झालेली धूळ. पहिला सुगावा कार्बनचा नव्हताच, वायूंचा होता. १९६४ मध्ये रेनॅझो नावाच्या अशनीत विचित्र प्रमाणातला झेनॉन आढळला, पुढे ऑर्गेयमध्ये विचित्र निऑन. तो कुठल्या खनिजात दडलाय हे शोधायला शिकागोत एडवर्ड अँडर्स यांच्या गटाने अशनी एकामागून एका आम्लात विरघळवायला घेतले. सुई शोधायची म्हणून अख्खी गंजीच जाळायची, असा तो प्रकार. दर पायरीला विचारायचं: वायू अजून शिल्लक आहे का? मग पुढचं आम्ल.

१९८३ मध्ये मर्चिसनच्या अशाच उरलेल्या गाळाला टप्प्याटप्प्याने तापवत जाळलं, तेव्हा डेल्टा +११०० पर्यंत गेला. आपल्या मापात, दहा हजार अणूंत १११ ऐवजी जवळजवळ २३०. सूर्यमालेतल्या कुठल्याही रसायनशास्त्राला हे जमणारं नव्हतं. १९८७ मध्ये त्या गाळात आधी नॅनोहिरे आणि मग सिलिकॉन कार्बाईड ओळखले गेले. १९९० मध्ये ग्रॅफाईट.

त्या कणांमध्ये एवढी तफावत का?

कारण प्रत्येक कणाचा तारा वेगळा. सूर्यमालेत गुणोत्तर ८९ च्या आसपास. सिलिकॉन कार्बाईडच्या कणांत ते एक-दोनपासून हजारांपर्यंत जातं. नव्वद टक्क्यांहून जास्त कण १० ते १०० मध्ये बसतात, त्यांतले बरेचसे ४० ते ८० मध्ये. ते म्हाताऱ्या लाल राक्षसी ताऱ्यांच्या वाऱ्यात बनलेले. अशा ताऱ्याच्या पोटात हेलियम जळून कार्बन-१२ बनतो आणि उचंबळून पृष्ठभागावर येतो. त्याआधी हायड्रोजन जळताना कार्बन-१३ तयार झालेला असतोच, त्या दोघांच्या मिश्रणाचा हा आकडा. दहाच्या खालचे कण हायड्रोजन-ज्वलनाची जास्त खूण दाखवतात. त्यांतल्या अगदी मोजक्यांवर नवताऱ्यांचा, म्हणजे अचानक भडकणाऱ्या ताऱ्यांचा, संशय आहे. शेकड्याला एखादा कण अतिनवताऱ्याचा, म्हणजे स्फोट होऊन फुटलेल्या ताऱ्याचा. त्यात टायटॅनियम-४४ च्या क्षयातून आलेला कॅल्शियम सापडतो. त्या टायटॅनियमचं अर्धायुष्य साठ वर्षांच्या आसपास, म्हणजे स्फोटानंतर काही दशकांच्या आतच तो कण घट्ट झाला असणार.

२०२० मध्ये मर्चिसनच्या अशा कणांचं वय काढलं गेलं. बहुतेक सूर्यापेक्षा तीस कोटी वर्षांहून कमी मोठे, तर सगळ्यात जुने सूर्याच्या आधी सुमारे तीन अब्ज वर्षांचे.

नॅनोहिरे तर सगळ्यात जास्त असतात. त्यांचं काय?

त्यांचं कोडं सुटलेलं नाही. त्यांच्याबरोबर येणारा झेनॉन अतिनवताऱ्याचा वाटतो, पण कार्बनचा डेल्टा उणे पस्तीसच्या आसपास, अगदी साधासुधा. अडचण आकाराची आहे. एक हिरा दोन-तीन नॅनोमीटरचा, त्यात हजार-दीड हजार अणू, त्यांतले कार्बन-१३ चे दहा-पंधरा. इतक्यावरून एकेका हिऱ्याचं गुणोत्तर विश्वासाने निघत नाही. म्हणून अब्जावधी हिऱ्यांची सरासरीच हाती येते, आणि सरासरीबद्दल माझं मत वर आलंच आहे. मूठभर परके हिरे स्थानिक गर्दीत मिसळलेले असतील तर ते असेच दिसतील.

हे मोजतात कसं?

ठोक मोजणीत कार्बन जाळून कार्बन डायऑक्साईड करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये वस्तुमान ४४ आणि ४५ चे रेणू शेजारी शेजारी मोजतात. ४५ मध्ये ऑक्सिजन-१७ ही घुसतो, त्याची वजावट करावी लागते. एकेका रेणूसाठी आधी गॅस क्रोमॅटोग्राफने मिश्रण सुटं करतात. एकेका कणासाठी नॅनोसिम्स: सीझियम आयनांचा बारीक झोत कणावर मारायचा आणि उडालेले अणू वजनानुसार वेगळे करायचे. नमुना थोडा खरवडला जातो, पण अर्ध्या मायक्रॉनच्या कणाचाही जन्मदाखला मिळतो.

सूर्याचा स्वतःचा कार्बन कसा आहे?

पृथ्वीपेक्षा हलका. सूर्यप्रकाशातल्या कार्बन मोनॉक्साईडच्या रेषांवरून २०१८ मध्ये काढलेलं गुणोत्तर ९३ ते ९४ आहे. म्हणजे ग्रह आणि अशनी दोघांनाही सूर्यापेक्षा थोडा जड कार्बन मिळाला.

कार्बन-१४ ने अशनीचं वय काढतात का?

जन्माचं नाही. अर्धायुष्य ५७३० वर्षं, साडेचार अब्ज वर्षांपुढे ते काय टिकणार! पण अशनी अवकाशात असताना वैश्विक किरणांमुळे त्यात ताजा कार्बन-१४ बनत असतो, आणि जमिनीवर आल्यावर ते बनणं थांबतं. उरलेल्यावरून तो पृथ्वीवर कधी पडला हे कळतं, साधारण चाळीस हजार वर्षांच्या आतलं.

लघुग्रहांवरून थेट नमुने आले, मग अशनींची गरज उरली का?

र्‍युगूवरून डिसेंबर २०२० मध्ये ५.४ ग्रॅम आले, बेन्नूवरून सप्टेंबर २०२३ मध्ये १२१.६ ग्रॅम. माती लागलेली नाही, हे त्यांचं मोल. र्‍युगूच्या नमुन्यात तर एकाच रेणूत कार्बन-१३ चे दोन अणू किती वेळा जोडीने येतात हे मोजलं गेलं. नॅप्थलीन, पायरीन, फ्लुओरँथीन यांच्यात अशा जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या. त्यावरून हे रेणू थंड आंतरतारकीय ढगात बनले असावेत, असा निष्कर्ष निघाला. दोन्ही यानांनी मिळून आणलं ते मात्र पाव किलोही नाही आणि तेही दोनच लघुग्रहांचं. अशनी किलोंनी आहेत आणि कितीतरी वेगवेगळ्या लघुग्रहांचे आहेत.

ताजा अशनी दिसला आणि कोणी हाताने उचलला तर तो वाया जातो का?

वाया नाही जात, पण काही उत्तरं कायमची हरवतात. सूर्यपूर्व कणांना तुमच्या हाताचं सोयरसुतक नाही, ते आम्लांतूनही सुखरूप निघालेले आहेत. कार्बोनेटांना पाऊस मारतो. सगळ्यात नाजूक ते विरघळणारे रेणू. म्हणून स्वच्छ अॅल्युमिनियमच्या पन्नीत, कोरडा, शक्य तितक्या लवकर. आणि चुंबक लावून बघायचा मोह आवरावा, त्याने कार्बनचं काही बिघडत नाही पण खडकातली जुनी चुंबकीय खूण पुसली जाते. कॅनडात जानेवारी २००० मध्ये टॅगिश लेक या अशनीचे पहिले तुकडे गोठलेल्या तळ्यावरून हात न लावता उचलले आणि गोठलेलेच ठेवले गेले. इंग्लंडमध्ये विंचकोम हा फेब्रुवारी २०२१ मध्ये एका घरासमोरच्या वाटेवर पडला आणि पाऊस यायच्या आत, दुसऱ्या दिवशी सकाळीच, पिशवीत भरला गेला.